पाते मंद का फिरते?

शाळेच्या स्मरणिकेत शिक्षकाने काय लिहावे, याचे काही संकेत आता ठरून गेलेले आहेत. संस्थापकांचे कष्ट, पहिल्या तुकडीच्या आठवणी, निकालाची चढती कमान आणि मोठ्या पदांवर पोहोचलेले विद्यार्थी हे ते विषय होत. ते सर्व या अंकात इतरांनी आमच्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिले असणार. आम्ही मात्र आपल्या मैदानाच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या एका यंत्राविषयी लिहिणार आहोत. विद्यार्थी त्याला ‘गवताची गाडी’ म्हणतात. चालक आसनावर बसतो, पुढे इंजिन असते, पोटाखाली पत्र्याचे एक पसरट आवरण असते आणि त्या आवरणात दोन पाती गरगर फिरत गवत कापतात. मध्यंतरी या यंत्राची पाती मंद फिरू लागली होती. ती मंद का झाली याचा शोध घेताना आमच्या पदरी जे पडले, ते इतिहासाच्या तासाला सांगण्यासारखे होते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम गवताविषयी. पुण्याचा पाऊस कोकणासारखा कोसळत नाही. पण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत तो जमीन ओली ठेवतो आणि तेवढे गवताला पुरते. शहराच्या कडेला असलेल्या आपल्या आवारात जुलै संपेपर्यंत हरळी आणि कुंदा गुडघ्याच्या वर येतात. कुंपणाच्या बाजूने गाजरगवत माजते. या गाजरगवताचा पुण्याशी जुना संबंध आहे. परदेशातून आलेल्या या वनस्पतीची भारतातील पहिली ठळक नोंद १९५५ साली पुण्यातच झाली आणि पुढे ती देशभर पसरली. तिच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात. तिच्या परागकणांनी कित्येकांना दम्याचा त्रास होतो. शिवाय उंच गवतात घोणस दडून बसते. पहाटे वसतिगृहातून विहाराकडे आणि विहारातून वर्गाकडे जाणाऱ्या लेकरांच्या वाटेवर गुडघाभर गवत असणे ही केवळ अस्वच्छतेची बाब राहत नाही. निवासी शाळेत मुलाच्या पायाखाली काय आहे, याची जबाबदारी शाळेचीच असते.

यंत्र येण्यापूर्वी हे गवत विळ्याने कापले जाई. रविवारी सकाळी मोठ्या वर्गांतील मुलामुलींच्या रांगा लागत. माळीमामा पुढे, मुले मागे. त्याला श्रमदान म्हणत. श्रमसंस्काराला आमचा विरोध नाही. कोणत्याही शिक्षकाचा नसावा. पण एके वर्षी पालकसभेला आलेल्या एका आजींनी विचारलेला प्रश्न आम्हांला अजून टोचतो. नातवाच्या दंडावरचे गाजरगवताचे चट्टे पाहून त्या म्हणाल्या, “सर, माझ्या आजेसासऱ्यानं साहेबाच्या घोड्याला गवत कापलं. पैसा नाही, भाकर नाही. आता नातू शाळंत घातला तर त्यानंबी गवतच कापायचं का?”

सभा क्षणभर गप्प झाली. आजींच्या त्या वाक्यात इतिहासाचा एक संपूर्ण ग्रंथ सामावला होता.

वतनदारीच्या व्यवस्थेत महाराच्या वाट्याला आलेल्या कामांची यादी आपल्यापैकी अनेकांनी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. सांगावा पोहोचवणे, मेलेले ढोर ओढणे, लाकूड फोडणे, दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराच्या घोड्याला वैरण आणून टाकणे. १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली आणि त्यानंतर पुण्यात व खडकीत इंग्रजांच्या छावण्या वसल्या. छावणी म्हणजे घोडे, आणि घोडे म्हणजे रोजचे गवत. त्या काळच्या इंग्रजी अंमलात ‘ग्रासकटर’ हा नोकरांचा एक स्वतंत्र वर्गच होता. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात त्या शब्दाची वेगळी नोंद आहे. घोड्याची निगा राखणारा एक आणि त्याच्यासाठी गवत कापून आणणारा दुसरा. या दुसऱ्या माणसाचे नाव इतिहासात कोठेही सापडत नाही; सापडतो तो केवळ त्याच्या कामाचा शब्द.

हे वतन म्हणजे मान नव्हे, गुलामी आहे, हे बाबासाहेबांनी स्पष्टपणे मांडले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. ज्या श्रमाला मोबदला नाही आणि नकार देण्याचा अधिकार नाही, तो श्रम माणसाला मोठा करीत नाही, हा त्या लढ्याचा गाभा होता. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. आजींच्या आजेसासऱ्यांना तो दिवस पाहता आला नाही.

आता याच काळात दुसरीकडे काय घडत होते ते पाहावे. १८३० साली इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. तो लोकरीच्या कापडगिरण्यांच्या प्रदेशात राहत होता. कापडावर उभे राहिलेले तंतू समान छाटणारे यंत्र तेथे वापरात होते. कापडावरचे तंतू जसे छाटता येतात तसे जमिनीवरचे गवत का छाटता येऊ नये, हा त्याचा विचार. त्याआधी विलायतेतील उमरावांच्या बागांतील हिरवळही लांब दांड्याच्या कोयत्याने माणसेच कापीत. बडिंगने आपल्या पेटंटच्या कागदपत्रात असे नमूद केले होते की, खेड्यांतील सज्जनांना हे यंत्र स्वतः चालवण्यात करमणूक, उपयोग आणि आरोग्याला हितकर व्यायाम, असे तिन्ही लाभतील. काळाचा हा विरोधाभास आम्ही वर्गात आवर्जून सांगतो. तेच गवत, तेच कापणे; पण एकाच्या वाट्याला करमणूक आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला वेठ. फरक हातात काय होते यापुरता नव्हता. ते हातात घेण्याची निवड कोणाला होती, यातही होता.

पुढे यंत्रे घोड्यांनी ओढली जाऊ लागली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाफेवर चालली आणि १९०२ साली इंग्लंडमध्ये पेट्रोलवरची यंत्रे बाजारात आली. आपल्या महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखानदारीची सुरुवात लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याचे यंत्र यांपासूनच केली, हेही येथे सांगितले पाहिजे. वैरण कापणारा हात यंत्राने मोकळा व्हावा, ही गरज या मातीतही होती.

मोकळा झालेला हात काय करतो? या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी १९४५ साली, काँग्रेस व गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झडती घेणाऱ्या ग्रंथात, गांधीवादाची चिकित्सा करताना दिले आहे. पशू केवळ पोटासाठी जगतो. माणसाला विचार करण्यासाठी, कलेसाठी, ज्ञानासाठी जगता आले पाहिजे. त्यासाठी फुरसत हवी. सर्वांना फुरसत मिळायची तर श्रमाचा भार यंत्राने उचलला पाहिजे. यंत्राने अनिष्टही घडते हे त्यांनी नाकारले नाही. पण तो दोष यंत्राचा नसून समाजाच्या रचनेचा आहे, असे त्यांनी ठामपणे सांगितले. म्हणून आमच्या दृष्टीने आवारातील गवताचे यंत्र ही चैनीची वस्तू नव्हती. रविवारच्या सकाळी मुलांना मिळालेले दोन तास म्हणजे ते यंत्र.

हे यंत्र एका माजी विद्यार्थ्याने शाळेला मिळवून दिले. तो एका मोठ्या आवाराच्या देखभालीचे काम पाहतो. तेथे नवे यंत्र आल्यावर जुने त्याने रीतसर विकत घेतले आणि वसतिगृहाच्या दारात आणून उभे केले. पहिली दोन वर्षे ते उत्तम चालले. माळीमामा आसनावर बसून अर्ध्या दिवसात मैदान साफ करीत. मुले त्या वेळी वाचनालयात असत.

तिसऱ्या पावसाळ्यात बिघाड दिसू लागला. यंत्र गेले तरी मागे गवताच्या उभ्या रेघा राहत. कापलेले गवत बाजूला फेकले न जाता ओल्या गोळ्यांनी जागोजागी पडे. कापलेल्या पात्याचे टोक सरळ न राहता फाटलेले दिसे आणि दोन दिवसांत पिवळे पडे. चढाच्या भागात करकर आवाज येई आणि जळक्या रबराचा वास सुटे. आदल्या वर्षी नवा पट्टा घातलेला होता. पाहायला आलेल्या एका कारागिराने इंजिनाला दोनदा रेस दिली, कान दिला आणि “इंजिन गेलं” असा निकाल देऊन तो निघून गेला. इंजिन बदलण्याचा खर्च वसतिगृहाला झेपणारा नव्हता. व्यवस्थापनाच्या बैठकीत यंत्र भंगारात काढावे आणि पुढील रविवारपासून विळे पुन्हा बाहेर काढावेत, अशी सूचना आली. सूचना करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. मुलांना कामाची लाज वाटू नये, असे त्यांना मनापासून वाटत होते. आम्ही फक्त पंधरा दिवसांची मुदत मागितली.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकवली जाते. एखादे विधान पुष्कळांनी केले म्हणून ते पुरावा ठरत नाही. कालामांच्या नगरात तथागतांनीही हेच सांगितले: ऐकीव म्हणून, परंपरेने आले म्हणून, सांगणारा मोठा म्हणून काही स्वीकारू नका; स्वतः पारखून घ्या. ‘इंजिन गेले’ हेही एक ऐकीव विधानच होते. ते पारखायचे ठरले. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा, आयटीआय झालेला आपला एक माजी विद्यार्थी सुटीच्या दिवशी आला. माळीमामा होतेच. नववीच्या वर्गातील मुलेमुली वही घेऊन, आखून दिलेल्या रेषेच्या पलीकडे उभी राहिली.

पहिला प्रश्न असा मांडला: पाती मंद फिरतात, पण इंजिनही मंद फिरते का? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याच्या उत्तराने शोधाची दिशा ठरते. पाती जोडताच इंजिनाचाही दम उतरत असेल, तर एकतर इंजिन दुबळे आहे किंवा त्याच्यावर अवाजवी भार पडतो आहे. मग एअर फिल्टर धुळीने बुजला आहे का, पेट्रोल जुने झाले आहे का, कार्बोरेटरमध्ये कचरा आहे का, वेग स्थिर ठेवणारा गव्हर्नर नीट काम करतो का, हे पाहायचे. परंतु इंजिन आपल्या वेगाने फिरत असेल आणि पातीच मागे पडत असतील, तर दोष इंजिनात नाही. तो इंजिन आणि पाते यांच्यामध्ये कोठेतरी आहे.

त्या मुलाने फेरे मोजण्याचे लेझरचे उपकरण आणले होते. पुलीवर चकाकणाऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावायचा आणि दूर उभे राहून त्यावर प्रकाशाचा ठिपका धरायचा. मामा आसनावर बसले, कारण आसन रिकामे असले की पाती फिरू नयेत अशी सुरक्षेची सोय त्यात असते. ती सोय तार जोडून निकामी करण्याचा सल्ला काही लोक देतात. तो कोणीही मानू नये. पाती जोडून पूर्ण रेस दिली तेव्हा इंजिनाने मिनिटाला ३,३०० फेरे दाखवले. उपकरणाने कारागिराचा निकाल तेथेच फिरवला. इंजिन ठणठणीत होते.

आता गणित मुलांकडे आले. इंजिनावरील पुलीचा व्यास १३ सेंटिमीटर, पात्यावरील पुलीचा १५. तेव्हा पाते किती फेरे घेईल? ३,३०० गुणिले १३ भागिले १५, म्हणजे २,८६०. प्रत्यक्षात मोजले ते २,१००. चौथ्या हिश्श्याहून अधिक फेरे वाटेतच गळत होते. एका मुलीने पुढचा हिशेब केला. पात्याची लांबी २१ इंच. म्हणजे त्याचे टोक एका फेऱ्यात १६७ सेंटिमीटरहून थोडे अधिक अंतर कापते. २,८६० फेऱ्यांना टोकाचा वेग ताशी सुमारे २८८ किलोमीटर पडतो. २,१०० फेऱ्यांना सुमारे २११. मुलांना वाटले, २११ हाही वेग काही कमी नाही. मग गवत का कापले जात नाही?

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. हे पाते विळ्यासारखे गवत धरून कापीत नाही. गवताला आधार देणारा दुसरा हात येथे नसतो. पाते इतक्या वेगाने येते की गवताला वाकायला वेळच मिळत नाही. शिवाय पात्याच्या मागच्या कडेला वर वळवलेला पंखासारखा भाग असतो. तो आवरणात हवेचा झोत निर्माण करतो, त्याने आडवे गवत उभे राहते आणि कापलेले बाहेर फेकले जाते. या झोताचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग चौथाईने उतरला की दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. मग आडवे गवत उठत नाही, त्याच्या रेघा राहतात. कापलेले बाहेर जात नाही, त्याचे गोळे पडतात. मैदानावर दिसणारे प्रत्येक लक्षण त्या एका आकड्यातून उलगडत गेले.

तेव्हा कोणीतरी सुचवले की पात्यावर लहान पुली बसवली तर वेग आपोआप वाढेल. वाढेल खरा, पण घसरणारा पट्टा घसरतच राहील. आणि पुढे कधी त्याने नीट पकड घेतली, तर ११ सेंटिमीटरच्या पुलीवर पाते ३,९०० फेऱ्यांवर जाईल. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे ९६ मीटरच्या पुढे जाऊ नये, अशी मर्यादा अमेरिकेतील सुरक्षा मानकात घातलेली आहे. या उपायाने तो सुमारे १०९ मीटरवर पोहोचला असता. एवढ्या वेगाने उडालेला खडा मुलाच्या डोळ्याला लागला तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. रोगाचे मूळ न शोधता केलेला उपाय रोगाहून वाईट ठरतो, हे समाजाच्या बाबतीत आपण पाहिलेलेच आहे.

नंतर यंत्र उघडले. चावी काढली, प्लगची टोपी उपसली, बॅटरीची एक तार सोडवली, हातांत जाड मोजे घातले. केवळ जॅकवर भरवसा न ठेवता खाली लाकडी ठोकळे दिले. हा क्रम मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेतला. आवरणाच्या आत वाळलेल्या गवताचा दोन बोटे जाड थर बसला होता. पात्याला फिरायला आणि हवेला खेळायला जागाच उरली नव्हती. पाती बोथट झाली होती. पट्टा बाहेर काढला तर त्याच्या दोन्ही कडा काचेसारख्या चकाकत होत्या. असा पट्टा पुलीच्या तळाला टेकून ओढत नाही. तो खाचेच्या दोन्ही भिंतींना कडांनी घट्ट धरून ओढतो. कडा गुळगुळीत झाल्या की पकड संपते. मग घसरण, घसरणीने उष्णता, उष्णतेने आणखी गुळगुळीतपणा, असे ते चक्र चालू राहते.

पण पट्टा तर वर्षापूर्वीच बदललेला होता. नवा पट्टा एका वर्षात असा का व्हावा? येथे थांबून शोध संपला असे मानले असते, तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हीच वेळ आली असती. पट्ट्याला ताण देणारी एक छोटी पुली असते. मिस्त्री तिला टेन्शनर म्हणतात. ती एका आडव्या दांडीवर बसते आणि स्प्रिंग ती दांडी ओढून पट्टा ताठ ठेवते. मामांनी ती दांडी हाताने हलवून पाहिली. हलेना. ज्या खिळीवर ती फिरायची ती गंजून जाम झाली होती. स्प्रिंग शाबूत होती, ओढतही होती. पण दांडी जागची हलत नसल्याने पट्टा ढिलाच राहत होता. शिवाय डावे पाते हाताने फिरवताना आत वाळू भरल्यासारखी खरखर लागत होती. त्या बाजूचे बेअरिंग गेले होते. एकीकडे वाढलेला भार, दुसरीकडे ढिला पट्टा. दोन्ही मिळून तो घसरत होता.

आणि गंज कोठून आला? काम संपले की यंत्र पाण्याच्या पाइपने स्वच्छ धुऊन शेडमध्ये ठेवण्याचा प्रघात होता. स्वच्छतेच्या भावनेतून आलेल्या त्या पाण्याने खिळीत आणि बेअरिंगात मुक्काम केला होता. मंद पात्याच्या मागे घसरता पट्टा, त्याच्या मागे जाम दांडी, तिच्या मागे गंज, त्याच्या मागे पाणी. नववीच्या मुलांनी वहीत एकाखाली एक लिहिलेली ही कारणांची साखळी आम्ही अजून जपून ठेवली आहे. हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही, असा विचार करायला त्यांना वेगळे शिकवावे लागले नाही.

नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांतून योग्य मापाचा पट्टा आणि बेअरिंगची जोडी आली. दांडीची खिळी घासून, ग्रीस भरून मोकळी केली. पाती काढून धार लावली. धार लावताना एका बाजूचे लोखंड जास्त गेले तर पाते डगमगते आणि बेअरिंग पुन्हा खराब होते. म्हणून मधल्या छिद्रातून भिंतीवरच्या खिळ्याला पाते टांगून पाहिले. झुकणारी बाजू थोडी घासायची आणि पाते आडवे स्थिर राहीपर्यंत हे करत राहायचे.

पट्ट्याचा ताण ठरवताना सोणाची आठवण न होती तरच नवल. अतिश्रमाने पाय रक्तबंबाळ करून घेतलेल्या त्या भिक्खूला भगवंतांनी वीणेची तार विचारली होती: फार ताणली तर सूर लागतो का? फार सैल सोडली तर लागतो का? पट्ट्याचेही तसेच आहे. सैल राहिला तर घसरतो. अति ताणला तर बेअरिंग आणि इंजिनाचा दांडा झिजवतो. स्प्रिंगला तिचे काम करू द्यावे; आपल्या हाताने तीत भर घालू नये. आम्ही हे सांगितले तेव्हा भोसरीचा तो मुलगा हसून म्हणाला, “सर, कंपनीत आम्हांला हेच शिकवतात, फक्त सोणाचं नाव घेत नाहीत.”

पुन्हा मोजले. इंजिन ३,३००, पाते २,८४०. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मैदानावर पहिला पट्टा मारला तेव्हा मागे एकही रेघ राहिली नाही.

एक गोष्ट मात्र माळीमामांनी सांगितली तेव्हा कळली. पेट्रोल वाचावे म्हणून ते रेस नेहमी निम्मीच ठेवीत. आयुष्यभर प्रत्येक वस्तू पुरवून वापरणाऱ्या माणसाची ती काटकसर होती. पण हे यंत्र पूर्ण रेसवर चालवण्यासाठीच घडवलेले असते. दाट गवतात हळू चालवायची ती चाके. पात्यांचा वेग कमी करायचा नाही. यंत्राच्या पुस्तिकेत हे स्पष्ट छापले होते. परंतु पुस्तिका इंग्रजीत होती आणि ती कार्यालयाच्या कपाटात होती. जो यंत्रावर बसतो त्याच्या भाषेत ज्ञान नाही, आणि ज्याच्या कपाटात ज्ञान आहे तो यंत्रावर बसत नाही. ही जुनीच विभागणी होती. ज्ञान एका हाती आणि श्रम दुसऱ्या हाती, या व्यवस्थेविरुद्ध महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली याच पुण्यात भिडे वाड्यात शाळा उघडली होती.

तेव्हा नववीच्या मुलींनी पुस्तिकेचा आवश्यक भाग मराठीत उतरवला. मामांना वाचून दाखवला, त्यांना न रुचलेले शब्द बदलले आणि मोठ्या अक्षरांत लिहून शेडच्या भिंतीवर लावला. काम झाल्यावर आवरणातले गवत वाळू द्यावे आणि लाकडी पट्टीने खरवडावे. बेअरिंगवर पाणी मारू नये. पंधरा दिवसांनी दांडी हाताने हलवून पाहावी आणि खिळीला ग्रीस द्यावे. पट्ट्याच्या कडा चकाकतात का ते पाहावे. एअर फिल्टर झटकावा. ओले गवत शक्यतो कापू नये. कापणी मैदानाच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने करावी, म्हणजे बेडूक, सरडे आणि पाखरांना कुंपणाकडे निसटता येते. ही शेवटची ओळ आमच्या विहारातील भन्तेजींच्या सूचनेवरून घातली आहे.

आता रविवारी सकाळी मुले विळा हाती घेत नाहीत. पण ती श्रमापासून दूर गेली असे कोणी समजू नये. दर महिन्याला चार विद्यार्थ्यांची एक तुकडी मामांबरोबर यंत्राची तपासणी करते, फेरे मोजते आणि वहीत नोंद करते. मुलांना कामाची लाज वाटू नये, ही बैठकीतील भावना खरी होती. ती अशा रीतीने पुरी झाली, असे आम्हांला वाटते. श्रमाला प्रतिष्ठा येते ती त्यात बुद्धी आणि निवड आल्यावर. ज्यांच्या पिढ्यांनी घाम गाळला त्यांच्या लेकरांना घामाचा महिमा सांगण्याची गरज नाही. त्यांना यंत्राचे पोट उघडून दाखवण्याची गरज आहे.

त्या आजी पुढच्या पालकसभेला आल्या, तेव्हा त्यांच्या नातवाने त्यांना शेडमध्ये नेले आणि भिंतीवरचा कागद वाचून दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग यंत्राच्या आसनावर हात ठेवून विचारले, “ह्याच्यावर बसायला मास्तर व्हावं लागतं का?” नातू म्हणाला, “नाही आजी. शिकावं लागतं.”

माजी विद्यार्थ्यांना या निमित्ताने एक विनंती आहे. ६ डिसेंबरला ‘एक वही, एक पेन’ देऊन अभिवादन करण्याची चांगली प्रथा आपल्या समाजात रुजली आहे. आपल्यापैकी कोणी वर्धापनदिनाला येताना हार आणणार असेल, तर त्याऐवजी योग्य मापाचा एक पट्टा आणावा. माप शेडच्या भिंतीवर, तळाच्या ओळीत लिहिलेले आहे. पट्टा दोन पावसाळ्यांनी झिजणारच. ती त्याची प्रकृती आहे. तो वेळेवर बदलला जावा, एवढी व्यवस्था आपण मागे ठेवू शकतो.

जय भीम.